नायट्रोजनची मोकळी जोडी



कल्हईवाला आता गावात क्वचितच फिरकतो. पण ज्यांनी त्याला पाहिले आहे त्यांना त्याची भट्टी, त्याचा भाता आणि तापलेल्या भांड्यात तो चिमटीने टाकीत असे ती पांढरी पूड नक्की आठवत असेल. पूड पडली की पांढरा धूर उठे, नाक झणझणे आणि काळवंडलेले तांबे आतून लख्ख होई. ती पूड म्हणजे नवसागर. हाच नवसागर थोड्या ओल्या चुन्यात कालवला, तर भट्टीवाचूनही झणझणीत वास येतो. हा वास अमोनिया वायूचा. नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन अणू मिळून अमोनियाचा एक रेणू होतो. शेतकरी ज्याला नत्र म्हणतात आणि ज्याच्यासाठी दर हंगामाला दुकानापुढे रांग लावतात, त्या नत्राचा मोठा व्यवहार या अमोनियावरच चालतो. आज याच नायट्रोजनच्या स्वभावाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. स्वभाव म्हणजे काय, तर तो कोणाशी जुळतो, कोणाशी जुळत नाही, आणि का.

आधी एक प्रयोग सांगतो. शाळेतील शिक्षकांना तो वर्गात सहज करता येईल. कागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात भिजवून घ्यावी. वाटीत चिमूटभर नवसागर आणि ओला चुना कालवावा आणि ओली पट्टी वाटीच्या तोंडावर, पण मिश्रणाला टेकू न देता धरावी. टेकू देऊ नये याचे कारण असे की नुसत्या चुन्यानेही हळद लाल होते. मग अमोनियाची परीक्षा ती कसली? पट्टी वर धरली असताना लाल झाली, तर ते काम वाऱ्यावर आलेल्या अमोनियाचे. पट्टी थोडा वेळ मोकळ्या हवेत ठेवली की अमोनिया उडून जातो आणि हळद पुन्हा पिवळी होते. नाक मात्र वाटीवर नेऊ नये.

दुसरा प्रयोग मोरचुदाचा. मोरचुदाच्या फिकट निळ्या पाण्यात अमोनियाचे द्रावण थेंब थेंब टाकीत जावे. प्रथम फिकट निळा गाळ दिसेल. आणखी थेंब टाकले की गाळ विरघळतो आणि पाणी गडद निळेशार होते, इतके की मुलांना शाईच वाटावी. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हात धुणे ओघानेच आले.

हळद लाल झाली आणि मोरचूद गडद झाले. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच कारण आहे. नायट्रोजनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात. अमोनियात तीन हायड्रोजनांशी तीन बंध बांधण्यात त्यांतले तीन खर्ची पडतात आणि दोन उरतात. ही दोघांची जोडी कोणाशीच बांधलेली नसते. आपण तिला मोकळी जोडी म्हणू. ज्या कोणाजवळ इलेक्ट्रॉनांची उणीव आहे आणि जागा रिकामी आहे, त्याच्यापुढे अमोनिया ही जोडी करतो आणि दोघांत नवा बंध तयार होतो. मोरचुदातल्या तांब्याच्या कणाजवळ अशी जागा असते. त्याच्याभोवती अमोनियाचे चार रेणू आपापली जोडी घेऊन बसतात आणि रंग पालटतो. पाण्यात अमोनिया पाण्याच्या काही रेणूंकडून हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन नसलेला कण आपल्या जोडीवर ओढून घेतो, त्यामुळे पाणी अल्कधर्मी बनते आणि हळद लाल होते.

जोडी देणारा तो आम्लारी आणि जोडी घेणारे ते आम्ल, अशी व्याख्या अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक गिल्बर्ट न्यूटन ल्यूइस यांनी १९२३ साली मांडली. आम्ल म्हटले की आपल्यापुढे लिंबू, चिंच किंवा बाटलीतले तेजाब उभे राहते. ल्यूइस म्हणाले, आंबटपणावर जाऊ नका, देवघेव पाहा. या दृष्टीने तांब्याचा कण हे आम्ल ठरते, आणि सोनाराच्या टाकणखारात जो बोरॉन असतो त्याची कित्येक संयुगेही आम्ले ठरतात. अशा आम्लांना आज ल्यूइस आम्ले म्हणतात. हा व्यवहार ल्यूइस यांच्या पुष्कळ आधी डोळ्यांपुढे आलेला होता. १८०९ साली फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी बोरॉन आणि फ्लोरीन यांचा वायू अमोनियाच्या वायूत मिसळला. दोन वायू एकत्र आले आणि झाला पांढरा घन पदार्थ! बोरॉनजवळ एक जागा रिकामी होती आणि नायट्रोजनजवळ एक जोडी मोकळी होती, एवढेच त्याचे कारण. पण ते कारण नीट सांगता येण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

आता कोणी म्हणेल, मोकळी जोडी असली की नायट्रोजन ती देणारच. आजच्या भाषणाचा मुद्दा नेमका इथे आहे. जोडी असणे वेगळे आणि ती देता येणे वेगळे. नायट्रोजनची काही संयुगे या बाबतीत फार चमत्कारिक वागतात, आणि त्यांपैकी पहिले तर आपल्या घरच्या पडवीत पोत्यात भरून ठेवलेले असते. ते म्हणजे युरिया.

युरियाच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात. म्हणजे दोन मोकळ्या जोड्या आल्या. मग युरियाला अमोनियासारखा वास का नाही? कोरडा ताजा युरिया हुंगून पाहा. नाक झणझणत नाही. त्याच्या पाण्याने हळदही लाल होत नाही. कारण असे की दोन्ही नायट्रोजनांच्या मध्ये एक कार्बन आहे आणि त्या कार्बनला प्राणवायूचा अणू जोडलेला आहे. प्राणवायू इलेक्ट्रॉनांचा मोठा लोभी. तो दोन्ही नायट्रोजनांच्या जोड्या आपल्याकडे ओढून धरतो. जोड्या कागदोपत्री नायट्रोजनच्या नावावर, पण कब्जा अर्धामुर्धा दुसऱ्याचा, असा हा मामला आहे. म्हणूनच धातूचे कण युरियाला पकडतात तेव्हा बहुधा नायट्रोजनला हात न लावता प्राणवायूलाच धरतात.

जमिनीत नेमके हेच घडते. मातीतल्या सूक्ष्म जंतूंत आणि वनस्पतींत युरिएज नावाचे एक विकर असते. १९२६ साली अमेरिकेत जेम्स सम्नर यांनी अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या बियांतून हे विकर स्फटिकरूपात वेगळे केले. लहानपणी शिकारीतल्या अपघाताने त्यांचा एक हात गेला होता. एका हाताने केलेल्या या कामाबद्दल त्यांना पुढे १९४६ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या विकरात निकेल धातू आहे, हे १९७५ साली ऑस्ट्रेलियातील रसायनशास्त्रज्ञांना आढळले. निकेलचे दोन कण येथे ल्यूइस आम्लाचे काम करतात. ते युरियाचा प्राणवायू धरून ठेवतात, पाण्याचा घाव मधल्या कार्बनवर बसतो आणि रेणू फुटतो. नायट्रोजन सुटला की त्याच्या जोडीवरचा कब्जा उठतो आणि तो अमोनिया होतो.

आता यातला शेतकऱ्याच्या पैशाचा भाग ऐका. ४५ किलोच्या पोत्यात शेकडा ४६ प्रमाणे सुमारे पावणेएकवीस किलो नायट्रोजन असतो. ओल्या मातीत सुटलेल्या अमोनियाला हायड्रोजनचा कण मिळाला, तर तो त्याला आपली जोडी देऊन अमोनियम होतो. अमोनियमवर धन विद्युतभार असतो आणि मातीचे बारीक कण त्याला धरून ठेवतात. पण आपल्या पुष्कळ काळ्या जमिनी अल्कधर्मी असतात. त्यांत असे हायड्रोजनचे कण थोडे. त्यातून युरिया फुटताना दाण्याभोवतीची माती आणखी अल्कधर्मी होते. मग अमोनियाला घेणारा कोणी सापडत नाही आणि तो वायुरूपाने उडून जातो. वाटीतल्या चुन्याने नवसागरातला अमोनिया उडवला होता. शेतातही तेच होते. वाटीतला वास आपल्याला कळतो, शिवारातले नुकसान मात्र कळत नाही. म्हणून युरिया वरचेवर फेकून उघडा ठेवू नये. तो मातीत मिसळावा, किंवा लगेच बेताचे पाणी द्यावे. अमोनियम सल्फेटासारखे खत चुन्याबरोबर कधीही कालवू नये. हा सल्ला आपण कृषी कार्यक्रमात वारंवार ऐकला असेल. त्यामागचे कारण हे असे एका मोकळ्या जोडीत आहे.

युरियात जोडी दुसऱ्याने अडकवून ठेवली होती. आता दुसरा प्रकार पाहू. येथे जोडी पूर्ण मोकळी आहे, घेणाराही समोर उभा आहे, पण दोघांची गाठच पडत नाही.

डांबरी तेलात लुटिडिन नावाचा एक द्रव सापडतो. सहा अणूंचे एक वलय, त्यांत पाच कार्बन आणि एक नायट्रोजन, असे पिरिडिन नावाचे संयुग आहे. आणि नायट्रोजनच्या दोन्ही अंगांना कार्बन-हायड्रोजनचा एकेक झुपका जोडला की लुटिडिन होते. १९४२ साली शिकागो विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन आणि त्यांचे सहकारी याचा अभ्यास करीत होते. याच ब्राउन यांना बोरॉनवरील कामाबद्दल १९७९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांना असे दिसले की बोरॉन-फ्लोरीनच्या लहान रेणूशी लुटिडिन जुळते. साधे पिरिडिन तर बोरॉनला तीन झुपके असलेल्या मोठ्या रेणूशीही जुळते. पण लुटिडिन आणि हा मोठा रेणू एकत्र ठेवले तर काहीच होत नाही! हायड्रोजनचा कण स्वीकारण्याच्या बाबतीत लुटिडिन पिरिडिनहून सरस आहे. म्हणजे त्याची देण्याची ताकद कमी नव्हती. मग अडचण कोठे होती?

अडचण होती गर्दीची. अरुंद पाणंदीत कडब्याने भरलेल्या दोन गाड्या समोरासमोर आल्या आहेत अशी कल्पना करा. एका गाडीवानाला दुसऱ्याच्या हाती तंबाखूची चंची द्यायची आहे. देणाऱ्याची तयारी आहे, घेणाऱ्याचा हात पुढे आहे, पण दोन्हीकडचा कडबा एकमेकांत घुसतो आणि हात काही पोचत नाही. नायट्रोजनच्या बाजूचे झुपके आणि बोरॉनचे झुपके यांचे असेच झाले. ब्राउन यांनी त्याचा नीट अर्थ लावला, आणि रेणूंच्या आकाराने व्यवहार कसा अडतो याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट अभ्यासकांत रूढ झाली. जिथे काही घडत नाही, तिथे पुढे पाहण्यासारखे काय असणार, असे वाटून चौसष्ट वर्षे गेली.

२००६ साली कॅनडातील विंडसर विद्यापीठात डग्लस स्टीफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संयुग तयार केले. त्यात देणारा होता फॉस्फरस, म्हणजे मूलद्रव्यांच्या कोष्टकात नायट्रोजनच्या थेट खालचा त्याचा भाऊ, आणि घेणारा बोरॉन. दोघांच्या अंगाखांद्यावर इतके मोठे झुपके होते की त्यांना जुळताच येईना. या संयुगावरून साध्या खोलीच्या उष्णतेला हायड्रोजन वायू सोडला, तेव्हा हायड्रोजनचा रेणू चक्क दुभंगला. संयुग शंभर अंशांच्या वर तापवले तेव्हा तोच हायड्रोजन परत बाहेर आला.

यात एवढे नवल कशाचे? हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना फोडायला निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम असे धातू लागतात, अशीच सर्वांची समजूत होती. वनस्पती तुपाच्या कारखान्यात तेलाला हायड्रोजन जोडतात तो निकेलच्या साहाय्यानेच. इथे मात्र धातूचा अंशही नव्हता. झाले होते ते असे. आपल्या दोन गाडीवानांचे हात पोचत नाहीत, म्हणजेच त्यांच्या मध्ये थोडी पोकळी राहिली आहे. त्या पोकळीत हायड्रोजनचा इवलासा रेणू शिरला. एका अंगाने देणाऱ्याची जोडी त्याला रेटू लागली, दुसऱ्या अंगाने बोरॉन त्याचे इलेक्ट्रॉन ओढू लागला. दोघांनी दोन टोके धरून ओढलेल्या उसाच्या कांडीसारखी त्याची गत झाली. एक हायड्रोजन इलेक्ट्रॉन न घेता देणाऱ्याकडे गेला आणि दुसरा दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन बोरॉनकडे गेला. देणारा आणि घेणारा जुळले असते तर दोघांचेही काम तिथेच संपले असते. जुळले नाहीत, म्हणून दोघांची ताकद शिल्लक राहिली आणि ती तिसऱ्यावर चालली. अशा जोड्यांना रसायनशास्त्रज्ञ ‘फ्रस्ट्रेटेड ल्यूइस पेअर’ म्हणतात. आपण त्यांना खोळंबलेल्या जोड्या म्हणू या.

भावाने केले ते नायट्रोजनलाही जमले. २००८ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथील संशोधकांनी चारी बाजूंनी झुपके असलेला नायट्रोजन आणि मोठा बोरॉन यांच्या जोडीने हायड्रोजन फोडून दाखवला. आणि २००९ साली स्टीफन यांच्याच प्रयोगशाळेतून ब्राउन यांच्या जुन्या लुटिडिनची वार्ता आली. लुटिडिन आणि फ्लोरीनयुक्त मोठी वलये धारण करणारा बोरॉन एकत्र ठेवले की ते कधी जुळतात, कधी सुटतात. सुटलेले असताना हायड्रोजन आला तर त्याला फोडतात. १९४२ साली ज्या द्रवाचे वैशिष्ट्य ‘जुळत नाही’ एवढेच नोंदले होते, त्याच द्रवाचे न जुळणे आता कामी आले. अशा जोड्यांच्या साहाय्याने नायट्रोजनयुक्त संयुगांना हायड्रोजन जोडण्याच्या धातुविरहित पद्धती पुढे निघाल्या. औषधांच्या रसायनात अशी संयुगे फार लागतात, आणि त्यांत धातूचा अंश राहू नये म्हणून पुष्कळ खटाटोप करावा लागतो.

आता शेवटचा प्रकार, आणि तो सर्वांत अवघड. आपल्या भोवतालच्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजनच आहे. हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू तीन बंधांनी बांधलेले असतात, आणि त्या दोघांजवळही एकेक मोकळी जोडी असते. पण ही जोडी ते इतकी जवळ बाळगतात की सहसा कोणाला देत नाहीत. पीक नायट्रोजनच्या समुद्रात उभे असते आणि तरी नत्रावाचून पिवळे पडते, ते यामुळेच. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जंतू हा नायट्रोजन जमिनीच्या साध्या उष्णतेत वळवून घेतात. त्यांच्या विकरात लोह आणि बहुधा मोलिब्डेनम असते. हे धातू दोन्ही कामे करतात: नायट्रोजनची जोडी घेतात आणि उलट आपले इलेक्ट्रॉन त्याला देऊन त्याचे बंध सैल करतात. माणसाने १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ येथे हाबर आणि बॉश यांच्या पद्धतीने अमोनियाचा कारखाना उभारला. तिथे लोह लागते, शिवाय चारशे-पाचशे अंशांची उष्णता आणि हवेच्या शेकडो पट दाब लागतो. आपल्याकडे ट्रॉम्बे येथे आणि अलिबागजवळ थळ येथे खत तयार होते त्याचाही पाया हाच. त्यासाठी हायड्रोजन काढायचा तो मुख्यतः नैसर्गिक वायूतून, आणि देशातल्या युरियासाठी लागणाऱ्या वायूचा बराच भाग परदेशातून विकत घ्यावा लागतो. तेव्हा ती आवळलेली जोडी आणि ते तीन बंध यांचा प्रश्न केवळ पुस्तकी नाही, हे ध्यानात येईल.

घेणे आणि देणे ही दोन्ही कामे धातूवाचून कोणाला जमतील का? २०१८ साली जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग विद्यापीठात होल्गर ब्राउनश्वाइग यांच्या गटाने असे बोरॉन तयार केले की ज्याच्याजवळ रिकामी जागाही आहे आणि द्यायला इलेक्ट्रॉनही आहेत. अशा दोन बोरॉनांनी हवेतल्या नायट्रोजनचा रेणू दोन्ही टोकांनी पकडला. तीन बंधांची मिठी सैल झाली. २०२० साली त्याच गटाने खोलीच्या साध्या उष्णतेत, एकाच भांड्यात ही क्रिया शेवटास नेली आणि नायट्रोजनपासून अमोनियम क्लोराइड मिळवले.

यावरून उद्या खत स्वस्त होईल असा अर्थ कोणी काढू नये. त्या प्रयोगात महागडे बोरॉन-संयुग आणि पोटॅशियम धातूसारखे तीव्र द्रव्य खर्ची पडते; एकदा काम झाले की ते पुन्हा कामाला लागत नाही. कारखाना आणि काचपात्र यांत फार मोठे अंतर आहे. पण धातूवाचून हे होणारच नाही, ही समजूत मात्र गेली. तोपर्यंत मुळांवरच्या गाठींना जपणे आणि पोत्यातला युरिया उघड्यावर उडू न देणे, हे आपल्या हातात आहे.

शिक्षकांना जाता जाता एक सुचवतो. प्रयोग झाल्यावर मुलांना विचारावे, की कोरड्या युरियाला वास नाही, तर जनावरांच्या गोठ्यात सकाळी अमोनियाचा वास कोठून येतो? गोमूत्रात युरिया असतो, एवढे सांगावे आणि उत्तर त्यांना शोधू द्यावे. आणि त्या जर्मन काचपात्राच्या तळाशी जे अमोनियम क्लोराइड जमले, त्याचे आपल्याकडचे नावही सांगावे. कल्हईवाला चिमटीने टाकीत असे तोच तो नवसागर.